एमएचगॅप मार्गदर्शिका खान्देशच्या ओपीडीत: पहिल्या भेटीला भक्कम, दुसऱ्या भेटीला अपुरी

जागतिक आरोग्य संघटनेची एमएचगॅप मार्गदर्शिका फुकट मिळते. पीडीएफ उतरवून घ्यायची, नाहीतर मोबाईलवर ॲप टाकायचं. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टर-नर्सनी मानसिक आजार ओळखावेत आणि संशोधनात टिकलेले उपचारच द्यावेत, हा तिचा हेतू. एमएचगॅप म्हणजे 'मेंटल हेल्थ गॅप', मानसिक उपचारांतली तूट भरून काढण्याचा कार्यक्रम. तो 2008 साली सुरू झाला, मार्गदर्शिका 2010 मध्ये आली, दुसरी आवृत्ती 2016 मध्ये आणि तिचं ॲप 2017 मध्ये. हे परीक्षण या दुसऱ्या आवृत्तीच्या इंग्रजी पुस्तकाचं आणि ॲपचं आहे. मोजमाप एकच लावलं आहे: धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल अशा तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असताना, हे पुस्तक चिठ्ठीवरचा निर्णय सुधारतं का?

सुधारतं. पण पहिल्या भेटीपुरतं. दुसऱ्या भेटीपासून पुढचं काम आपल्याला स्वतः उभं करावं लागतं, आणि मानसिक आजारात रुग्ण बरा होतो तो दुसऱ्या भेटीपासून पुढेच.

आधी रचना पाहू. सुरुवातीला सगळ्या आजारांना लागू पडणारं सर्वसाधारण प्रकरण, मग एक मुख्य तक्ता, आणि त्यानंतर नैराश्य, सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार), अपस्मार (फिट येणं), मुलांचे आजार, स्मृतिभ्रंश, व्यसन, आत्महत्या आणि 'इतर तक्रारी' अशी स्वतंत्र प्रकरणं. प्रत्येकाचे तीन भाग: तपासणी, उपचार, पाठपुरावा. प्रत्येक पायरीवर हो-नाहीचा प्रश्न आणि बाण. एमबीबीएसला मानसोपचाराची पोस्टिंग जेमतेम झालेल्या डॉक्टरलाही वाट चुकू न देणारी ही मांडणी आहे. मुख्य तक्ता आणि नैराश्याची तपासणीची पानं ए-थ्री आकारात छापून, लॅमिनेट करून टेबलाच्या काचेखाली ठेवली तर ॲपची फारशी गरज पडत नाही. ॲप एकदा उतरवल्यावर नेटशिवाय चालतं, तोरणमाळच्या बाजूला ही मोठी सोय आहे. पण छोट्या पडद्यावर तक्त्याचे तुकडे होतात, आणि रुग्ण बोलत असताना डॉक्टर मोबाईलमध्ये बोट फिरवतो आहे हे दृश्य रुग्णाला बंद करून टाकतं. ॲप सिस्टरनी किंवा उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी रिकाम्या वेळात अभ्यासाला वापरावं, रुग्णासमोर कागदच बरा.

पहिली भेट: तीन प्रश्न जे एरवी सुटतात

नैराश्याचा तक्ता दोन आठवड्यांपासून सुरू होतो. किमान दोन आठवडे मन खिन्न असणं किंवा कशातच रस न वाटणं, सोबत झोप, भूक, थकवा, अपराधी वाटणं अशी इतर लक्षणं, आणि रोजच्या कामात ठळक अडथळा. खान्देशातला रुग्ण 'मी उदास आहे' असं म्हणत नाही. अहिराणीत तो म्हणतो, 'जीव घाबरस', 'मन लागत नही', 'काहीच गोड लागत नही', आणि बहुतेक वेळा सुरुवात अंगदुखीने, डोकं जड होण्याने, हातापायांच्या आगीने होते. पुस्तकात अंगाच्या तक्रारींचा उल्लेख आहे. शब्द मात्र आपले आपण भरावे लागतात. तक्त्याच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने हे शब्द लिहून ठेवणं हा पहिला आणि सर्वांत स्वस्त बदल. सातपुड्यात पावरी, भिली, मावची बोलणाऱ्यांसाठी दुभाषा लागतोच. तिथे एक पथ्य: सोबत आलेल्या नवऱ्याकडून किंवा सासूकडून मरणाच्या विचारांचे आणि मारहाणीचे प्रश्न विचारून घेऊ नयेत. तेवढ्या प्रश्नांसाठी बाहेरची व्यक्ती हवी, आणि आशाताई त्याच पाड्यावरची असेल तर तिच्यासमोर बोलायला चालेल का, हे रुग्णालाच आधी विचारावं.

पुढची पायरी शरीराची कारणं वगळायची. अशक्तपणा, कुपोषण, थायरॉइड, दारू, आणि स्टेरॉइडसारख्या औषधांचा परिणाम ही यादी पुस्तकात आहे. नंदुरबार जिल्ह्यात तिला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची जोड हवी, कारण इथल्या आदिवासी भागात तो पसरलेला आहे आणि सततचा थकवा, हाडं दुखणं, उत्साह नसणं या तक्रारी दोन्हीकडे सारख्या दिसतात. हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी करावी. सांधेदुखीवर कुठून तरी आणलेल्या पुडीतल्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारावं, कारण त्यात स्टेरॉइड असू शकतं.

मात्र इथेच एक ठरलेली चूक होते. हिमोग्लोबिन आठ निघालं की लोहाच्या गोळ्या लिहिल्या जातात आणि मनाचा विषय केसपेपरवरून पुसला जातो. पुस्तक तसं सांगत नाही. ते सांगतं की शारीरिक कारणावर उपचार करा आणि मग लक्षणं उरतात का ते बघा. हा 'मग' कोणाच्याच वहीत नसतो. केसपेपरवर लोहाच्या गोळ्यांच्या खालच्याच ओळीत 'पुढच्या भेटीत झोप, रस, मरणाचे विचार पुन्हा विचारणे' एवढं लिहिलं तरी हा दुवा तुटत नाही.

तिसरा प्रश्न पूर्वीच्या उन्मादाचा, आणि हा प्रश्न डावलला तर नुकसान सर्वांत जास्त. ज्या माणसाला आधी उन्मादाचा झटका येऊन गेला आहे त्याला नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर तो पुन्हा उन्मादात जाऊ शकतो. म्हणून पुस्तक अशा रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवायला सांगतं आणि मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय अँटिडिप्रेसंट सुरू करू नका म्हणतं. प्रश्न असा विचारावा: 'कधी असं झालं होतं का, की आठ दिवस झोपच लागत नव्हती तरी थकवा नव्हता, बोलणं थांबत नव्हतं, भांडणं झाली, पैसा उधळला, घरचे म्हणाले याच्या अंगात काहीतरी शिरलंय?' शेवटचा तुकडा महत्त्वाचा. उन्मादाचा झटका इथे आजार म्हणून लक्षात राहत नाही, 'बाहेरचं लागलं होतं, भगताने उतरवलं' म्हणून राहतो. त्यामुळे 'पूर्वी मानसिक आजार होता का' याला उत्तर 'नाही' येतं आणि भगताबद्दल विचारलं की सगळी हकिगत निघते.

घरात कुणी गेलं असेल तर तक्ता सहा महिन्यांची खूण ठेवतो. त्या काळातल्या दुःखाला सरसकट आजार समजू नका. मरणाचे विचार, स्वतःला कवडीमोल मानणं, भास-भ्रम, हालचाल-बोलणं संथ होणं किंवा पूर्वी नैराश्य असणं यांपैकी काही आहे का ते बघा. ही ओळ चांगली आहे, तेराव्यानंतर लगेच गोळी सुरू करण्याचा मोह तिने आवरतो.

काय द्यायचं नाही

या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं वाक्य उपचारांच्या यादीत आहे: परिणाम नसलेले उपचार करू नका, उदाहरणार्थ जीवनसत्त्वांची इंजेक्शनं. उदाहरण म्हणून नेमकं इंजेक्शनच निवडलं आहे, जणू लिहिणाऱ्याने आपल्याकडचा दवाखाना पाहिला असावा. ताकदीची सुई आणि सलाईन हा खान्देशातल्या थकव्यावरचा सर्वमान्य उपचार आहे. रुग्णच मागतो, आणि 'सुई मारली नाही तर डॉक्टर कसला' ही भावना खरी आहे. इथे नुसता नकार चालत नाही. सलाईनच्या बाटलीत पाणी, मीठ, साखर असते, ती उलटी-जुलाबाला उपयोगी, या त्रासाला नाही. या त्रासाची गोळी वेगळी आहे आणि ती सावकाश काम करते, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न दिल्यास रुग्ण बाहेर पडून समोरच्या दवाखान्यात सलाईन लावून घेतो आणि आपली गोळी बंद करतो.

सुईने बरं वाटलेले रुग्ण प्रत्येक डॉक्टरला आठवतात. 'माझ्या अनुभवात उपयोग होतो' हा युक्तिवाद तिथूनच येतो. त्याला उत्तर गोव्याच्या एका अभ्यासात आहे, आणि त्या अभ्यासाचं उत्तर या पुस्तकाबद्दलही बरंच सांगतं, म्हणून त्यावर थोडं थांबू.

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या गटाने मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर ही चाचणी केली. ती 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एका गटाला नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले: नैराश्याची तपासणी झाली, निकाल डॉक्टरला कळवला, आणि डॉक्टरच्या हाती एमएचगॅपच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. दुसऱ्या गटाला हे सगळं दिलं आणि शिवाय स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकाबरोबर सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी पहिल्या गटात 39 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्यात 64 टक्के.

हे आकडे दोन बाजूंनी वाचावेत. एक, शंभरातले 39 समुपदेशनाशिवायही सुधारले. त्यांतल्या प्रत्येकाला ताकदीची सुई दिली असती तर 39 जणांचं श्रेय सुईला गेलं असतं. म्हणून 'माझ्या रुग्णाला बरं वाटलं' हा पुरावा नव्हे. तुलनेला दुसरा गट नसेल तर आकडा मुका असतो. दोन, 64 वजा 39 म्हणजे 25. चार रुग्णांना बैठका दिल्या की त्यातला एक जास्तीचा बरा होतो. वैद्यकशास्त्रात हा मोठा फायदा आहे. आणि तो नुसती मार्गदर्शिका टेबलावर ठेवून मिळालेला नाही. ती तर दोन्ही गटांत होती.

म्हणून आमचं स्पष्ट मत: हे पुस्तक घ्यावं, पण बैठकांची सोय नसेल तर त्याच्याकडून अर्धंच काम होईल. पुस्तकात बोलण्याच्या उपचारांची नावं आहेत, कोणाला द्यावेत ते आहे, पण कसे करावेत ते नाही. ही त्याची सर्वांत मोठी उणीव. ती भरायला संघटनेचीच 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' ही पाच बैठकांची पुस्तिका आहे; बैठक दीड तासाची, म्हणजे मजुरी बुडवून येणाऱ्याला जड. गोव्याच्या कार्यक्रमातली बैठक तीस-चाळीस मिनिटांची, ती आपल्याकडे जास्त बसते.

तिचा गाभा साधा आहे. नैराश्यात माणूस कामं आणि माणसं सोडत जातो, त्याने मन आणखी खचतं. तो फेरा कृतीपासून उलटा फिरवायचा. पहिल्या बैठकीत रोजचा दिवस तासातासाने विचारायचा आणि कुठल्या वेळी थोडं बरं वाटतं, कुठल्या वेळी जास्त वाईट, हे मांडायचं. मग एक किंवा दोनच कृती ठरवायच्या, त्याही वार, वेळ आणि सोबतीच्या माणसाच्या नावासकट. 'बायकांमध्ये मिसळत जा' ही कृती नव्हे, उपदेश आहे. 'बुधवारी दुपारी शेजारच्या वहिनींकडे शेवया करायला अर्धा तास बसायचं' ही कृती. उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया. पावसाळ्यात निंदणीच्या बायकांबरोबर शेतावर जाणं. पुरुषांसाठी संध्याकाळी पारावर पंधरा मिनिटं. पुढच्या बैठकीत झालं का ते विचारायचं, आणि नाही झालं तर रागवायचं नाही, कृती निम्मी करायची. बैठका फसतात त्या याच ठिकाणी: पहिल्याच आठवड्यात पाच कामं देतात, एकही होत नाही, आणि रुग्णाला वाटतं आपण यातही नापास.

कोणी घ्यायच्या बैठका? आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यांच्यावर हे लादू नये. समुदाय आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या परिचारिका योग्य. एकदा प्रशिक्षण देऊन सोडून दिलं तर दोन-तीन महिन्यांत बैठकांचं रूपांतर उपदेशात होतं. गोव्यात समुपदेशक एकमेकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग गटात ऐकून गुण देत. रुग्णाच्या परवानगीने आणि नाव न घेता हे महिन्यातून एकदा तालुक्याच्या बैठकीला जोडून करता येतं.

औषध, आणि दुसरी भेट

औषधांचे तक्ते मार्गदर्शिकेत उत्तम आहेत. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन: पहिला आठवडा रोज 10 मिलिग्रॅम, मग 20. बारा वर्षांखालच्या मुलांना नैराश्याची औषधं नकोत. अमिट्रिप्टिलीन: रात्री 25 पासून सुरू करून हळूहळू वाढवणं. पण अमिट्रिप्टिलीन जास्त प्रमाणात घेतल्यास जीव जाऊ शकतो, म्हणून मरणाचे विचार असतील तर फ्लुओक्सेटिन निवडा आणि एका वेळी आठवड्याचाच साठा द्या, असं मार्गदर्शिका सांगते. शास्त्र बरोबर आहे, पण तोरणमाळ पट्ट्यातला माणूस बाजाराच्या दिवशीच जीपने खाली उतरतो. दर आठवड्याला भाडं भरून तो येणार नाही. व्यवहार्य वाट ही की औषध महिन्याचं द्यावं, पण पाकिटं घरातल्या ठरलेल्या माणसाकडे किंवा उपकेंद्रावर ठेवावीत आणि त्याचं नाव केसपेपरवर लिहावं.

फ्लुओक्सेटिन सुरू करताना तीन गोष्टी तोंडी सांगायच्याच. गोळी सकाळी घ्या, नाहीतर झोप उडेल. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, थोडी अस्वस्थता होईल, ती जाते. फरक पडायला चार ते सहा आठवडे लागतात. शेवटचं न सांगितल्यामुळे होणारी घसरण इतकी ठरलेली आहे की ती पायरीवार सांगता येते. दहाव्या दिवशी रुग्ण येतो, 'काहीच फरक नाही' म्हणतो. डॉक्टर गोळी बदलतो किंवा सोबत अल्प्राझोलम लिहितो. त्याने त्याच रात्री झोप लागते, म्हणून रुग्ण फ्लुओक्सेटिन सोडतो आणि अल्प्राझोलम मेडिकलवरून घेत राहतो. सहा महिन्यांनी नैराश्य तसंच आणि वर गोळीची सवय. पुस्तक दुसरी भेट आठवड्याच्या आत ठेवायला सांगतं ते याचसाठी. त्या भेटीत औषध बदलायचं नसतं, धीर द्यायचा असतो आणि मरणाचे विचार पुन्हा विचारायचे असतात.

लक्षणं गेल्यावरही औषध 9 ते 12 महिने चालू ठेवायचं, आणि थांबवताना किमान चार आठवड्यांत कमी करत जायचं. हेही पुस्तकात आहे. पण रुग्ण सुधारतो आहे की नाही हे आकड्यात कसं धरायचं, ते नाही. इथे ही मार्गदर्शिका खरोखर कमी पडते. बीजिंगमध्ये झालेला, 2015 साली छापलेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. 120 रुग्ण, दोन्ही गटांत औषधं तीच दोन. फरक एवढाच की एका गटात डॉक्टर दर भेटीला लक्षणांची मोजपट्टी भरून, तिच्या आकड्यावरून मात्रा ठरवत होते आणि दुसऱ्यात नेहमीच्या अंदाजाने. 24 आठवड्यांनी मोजपट्टीच्या गटात 73.8 टक्के रुग्ण पूर्ण सावरले, दुसऱ्यात 28.8 टक्के. हा अभ्यास शहरातल्या रुग्णालयाचा आणि छोटा आहे, त्यामुळे तेवढाच फरक साक्रीत पडेल असं धरू नये. दिशा मात्र घ्यावी, कारण मोजण्याला खर्च नाही आणि धोका नाही.

पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची मोजपट्टी मराठीत आहे आणि फुकट आहे. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3, एकूण 27. पाच, दहा, पंधरा, वीस ही सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र यांची दारं. पहिल्या भेटीत भरून फाईलला लावली आणि पुन्हा काढलीच नाही, तर ती व्यर्थ. दर भेटीला तोच आकडा केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात तारखेसह लिहावा. पाचपेक्षा खाली आला तर सावरला. निम्म्यावर आला तर योग्य रस्त्यावर. सहा आठवड्यांत पाच गुणांचाही उतार नाही तर आधी गोळी खरंच घेतो का ते तपासा, मग दारू, मग मात्रा, आणि मग तज्ज्ञ. हा क्रम उलटा केला की औषधं वाढत जातात आणि पाकीट घरच्या कोनाड्यात भरलेलंच सापडतं.

सातवा प्रश्न वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागत नाही का, असा आहे. न वाचणाऱ्या बाईला तो लागू नसल्यासारखा वाटतो आणि तिथे शून्य पडतं. छापील प्रश्न तसाच वाचून मग 'भाकरी थापताना, कापूस वेचताना चित्त थाऱ्यावर राहतं का' अशी पुस्ती जोडावी. छापील वाक्य मात्र बदलू नये, नाहीतर आकड्याची तुलना करता येत नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. एकूण बेरीज कितीही कमी असो, त्यावर एक जरी गुण असला तरी तिथे थांबून पुढचं विचारायचं.

विषाचा डबा, मोहाची दारू, मे महिन्याचं ऊन

आत्महत्येच्या प्रकरणात एक ठळक सूचना आहे: मरणाबद्दल विचारल्याने कोणी ते करायला प्रवृत्त होत नाही, उलट ओझं हलकं होतं. हे पान सगळ्या कर्मचाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावं. दुसरी सूचना साधनं दूर करण्याची. कापसाच्या पट्ट्यात साधन म्हणजे फवारणीचं औषध, आणि ते बहुतेक घरांत पत्र्याच्या कोपऱ्यात किंवा खाटेखाली असतं. 'कुलपात ठेवा' असा सल्ला आपण सहज देतो. श्रीलंकेत खेडोपाडी घरोघर कुलपाचे डबे वाटून मोठी चाचणी झाली, ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. डबे वाटलेल्या गावांत विषबाधा कमी झाल्याचं दिसलं नाही. ती चाचणी सगळ्या गावासाठी होती, एका धोक्यातल्या माणसासाठी नव्हती, हा फरक लक्षात ठेवायला हवा. तरी त्यातून घेण्यासारखं हे की कुलपाच्या भरवशावर राहू नये. ज्या घरात धोका आहे तिथून डबा घराबाहेर जावा: भावकीतल्या दुसऱ्या घरी, नाहीतर कृषी केंद्रात परत. कोण नेणार आणि आजच नेणार का, हे रुग्ण समोर असतानाच नातेवाइकाकडून ठरवून घ्यावं. भारतीय कायद्याबद्दल पुस्तक अर्थातच गप्प आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतं. ही माहिती घाबरलेल्या घरच्यांना दिली तर ते 'चुकून प्यायला' असं खोटं सांगायचं थांबतात.

व्यसनाच्या प्रकरणातला एक प्रसंग आपल्याकडे नेहमीचा. हाड मोडून किंवा तापाने दाखल झालेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरू लागतो, घामाघूम होतो, भिंतीवर किडे दिसतात, आणि नातेवाईक भगताला बोलावतात. ही दारू अचानक तुटल्याची लक्षणं आहेत आणि जिवावर बेतू शकतात. डायझेपामची मात्रा पुस्तकात आहे. सवयीने ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) द्यावं. उलट्या क्रमाने मेंदूला इजा होऊ शकते. मोहाच्या घरगुती दारूत अल्कोहोल किती ते बाटलीगणिक बदलतं, म्हणून परदेशी 'ड्रिंक' मोजण्यात वेळ न घालवता सकाळी उठल्यावर हात कापतात का, घ्यावी लागते का, हे विचारावं.

सायकोसिसमध्ये हॅलोपेरिडॉल 1.5 ते 3, रिस्पेरिडोन 1 मिलिग्रॅमपासून. कमी मात्रेने सुरुवात हा धडा स्वच्छ दिला आहे. उन्मादावरचं लिथियम मात्र रक्तातली पातळी तपासायची सोय असेल तरच द्या, असं ते म्हणतं, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात हे दुप्पट खरं. घाम आणि कमी पाणी यांनी लिथियमची पातळी वर चढते. वरून अंगदुखीला डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं की आणखी. तज्ज्ञाने लिथियम सुरू केलेला रुग्ण गावी परतला असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला बोलावून पाणी, मीठ आणि वेदनाशामक गोळ्यांबद्दल बजावावं, आणि हातांची जाड थरथर, जुलाब, अडखळतं बोलणं दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावं.

अपस्माराचं प्रकरण नीटस आहे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध टाळा, ही एक ओळ जरी पाळली गेली तरी पुष्कळ. स्मृतिभ्रंश आणि मुलांची प्रकरणं ओळख करून देतात, त्याहून जास्त नाही.

चिंतेच्या विकारांना 2016 च्या आवृत्तीत स्वतंत्र प्रकरणच नव्हतं. छातीत धडधड, गुदमरणं, ईसीजी मात्र नॉर्मल, असा रुग्ण 'इतर तक्रारीं'त जाऊन पडतो. संघटनेने नोव्हेंबर 2023 मध्ये काढलेल्या नव्या मार्गदर्शक सूचनांत चिंतेचा भाग घातला आहे. त्यामुळे जुनं पुस्तक वापरताना ती कागदपत्रं सोबत ठेवावीत. तिथे प्रत्येक शिफारशीपुढे ती ठाम आहे की सशर्त, आणि पुराव्याची खात्री किती, हेही लिहिलेलं असतं. पुस्तकात हे कुठेच दिसत नाही, सगळ्या सूचना एकाच सुरात येतात. ठाम शिफारस मोडायला मोठं कारण हवं. सशर्त शिफारशीत रुग्णाची सोय, अंतर, मजुरी यांना जागा असते. हा फरक कळला की डॉक्टर पुस्तकाचा गुलाम होत नाही आणि पुस्तक गुंडाळूनही ठेवत नाही.

राहतो प्रश्न स्थलांतराचा. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्यातली कुटुंबं ऊसतोडीला, कामाला गुजरातेत जातात, आणि 9 ते 12 महिन्यांचं औषध तिसऱ्या महिन्यात तुटतं. पुस्तकाच्या पाठपुराव्याच्या चौकटीत यावर काही नाही. जाण्याआधीच्या भेटीत पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर पाच गोष्टी मराठीत आणि गुजरातीत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून द्याव्यात: औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम, सुरू केल्याची तारीख, कोणत्या महिन्यापर्यंत घ्यायचं तो महिना, शेवटचा पीएचक्यू-9 चा आकडा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक. आजाराचं नाव त्यावर नको. मुकादमाच्या हाती कार्ड पडू शकतं.